दृष्टांताचा शब्द झाला
(ज्युबिलीच्या समारंभांत केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं एका शब्दाची हकीकत आपणांपुढें मांडण्याची अनुज्ञा असावी. 'शब्द' या अर्थीं पोर्तुगीज लोक 'पालाव्रा' म्हणतात, स्पॅनिश 'पालाब्रा', इटालियन 'पारोला' आणि फ्रेंच 'पारोल'. या चारी भाषा एका लॅटिन मातेच्या लेकी. परंतु लॅटिनमध्यें शब्दाला 'व्हेर्बुम' म्हणत. मग आईचा शब्द लेकींनीं कां टाकला?

विद्वानांचें मत असें कीं, योहानाच्या शुभवर्तमानांत प्रभु येशू ख्रिस्ताला 'व्हेर्बुम' म्हटलेलें असल्यामुळें तें पवित्र नांव बाजारच्या बोलण्यांत घेण्यास भाविक जन कचरूं लागले. त्याच्या जागीं त्यांनीं 'पाराबोला', म्हणजे दृष्टांत, हा शब्द घेतला. तो मूळचा ग्रीक. एका वस्तूशेजारीं दुसरी ठेवणें, हा त्याचा अर्थ. पेरणारा, हरवलेलें मेंढरूं, उधळ्या पुत्र, हे दृष्टांत देवळांत इतके कानीं पडले कीं, दृष्टांत म्हणजेच शब्द आणि दृष्टांत सांगणें म्हणजेच बोलणें, असें होऊन गेलें. 'पाराबोलारे' या क्रियापदापासून इटालियन 'पार्लारे' व फ्रेंच 'पार्ले' निघालीं, आणि त्या 'पार्ले'पासूनच 'पार्लमेंट'. स्पॅनिश 'आब्लार' व पोर्तुगीज 'फालार' हीं क्रियापदें निराळीं, तरी तींही 'फाबुला' म्हणजे गोष्ट, यापासूनच आलेलीं.

पुढें लॅटिन साध्या जनांना समजेनाशी झाली. तेव्हां इ. स. ८१३ मध्यें फ्रान्समधील तूर येथील धर्मसभेनें ठरविलें कीं, उपदेश लोकांना कळेल अशा लोकभाषेंत करावा.

येथें माझी एक चूक कबूल करतों. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडलों असतां मीं एका उपदेशांत जड शब्दांची रास रचली. मिस्सा झाल्यावर एक वृद्ध माउली हात जोडून म्हणाली, "फादर, चांगलं बोललात हो, पण घरी जाऊन नातवाला काय सांगू?" मला उत्तर सुचलें नाहीं.

प्रभूनें बी, खमीर, जाळें यांविषयीं सांगितलें, आणि त्याच्या सांगण्याचें नांवच कित्येक राष्ट्रांच्या तोंडीं कायमचें बसलें. आमच्या उपदेशांतलें काय आपल्या घरीं पोंचतें? ज्युबिलीच्या वर्षीं माझ्या विवेकाची तपासणी मी याच प्रश्नानें करीत आहें. आपणांस एवढेंच मागणें कीं, ज्या रविवारीं घरीं नेण्याजोगें कांहीं मिळणार नाहीं, त्या रविवारीं मला तसें सांगावें.