बेबिंकाची मागणी

गोव्याच्या बेबिंका ह्या पक्वान्नाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले. परंतु ते करणारे हात?

नारळाचा रस, अंड्यांचा बलक, साखर, मैदा व तूप यांचा एक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीने भाजून निघाल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. सात थरांना कित्येक तास लागतात. माझ्या एका विद्यार्थिनीला विचारले, “आईकडून शिकलीस का?” ती म्हणाली, “इतका वेळ बसून पदरात काय पडतं, सर?”

म्हणून घरी बेबिंका करणाऱ्या बाईंचा ठावठिकाणा विचारून काढावा, मागणी चार दिवस आधी नोंदवावी, आणि घासाघीस करू नये. आपण मोल देतो ते मुख्यतः त्या वेळेचे.