जीभ घसरते तेव्हा



पाय घसरला तर मनुष्य पडतो. जीभ घसरली तर सभा हसते. नाटककारांनी हे फार पूर्वीच हेरले. ‘मृच्छकटिका’तील शकार ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो आणि पुराणकथांची अशी खिचडी करतो की द्रौपदी चक्क रामाला भिते! पांडित्य मिरवण्याच्या भरातच त्याचे अज्ञान उघडे पडते. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ (१७७५) नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप याच कुळातली. भारदस्त शब्द ती हटकून भलत्या जागी योजते. ऑक्सफर्डचे रेव्हरंड स्पूनर (१८४४–१९३०) प्रसिद्ध झाले ते शब्दांच्या आद्याक्षरांच्या अदलाबदलीबद्दल. अर्थात त्यांच्या नावावरचे बहुतेक किस्से इतरांनीच रचलेले. आपल्याकडे ‘पोळी-भाजी’ मागताना ‘भोळी-पाजी’ असे तोंडून निघाले, की तोच प्रकार.

जिभेची घसरण अजाणता होते. कोटी जाणूनबुजून केली जाते. गडकरी (१८८५–१९१९) आणि आचार्य अत्रे (१८९८–१९६९) यांनी मराठी रसिकांना तिची चटक लावली. आम्हां सरकारी नोकरांना तर ‘कर’ हा एकच शब्द पुरतो. साहेब म्हणतात ‘कर’, खजिना मागतो ‘कर’, आणि दोघांपुढे आम्ही जोडतो तेही करच!

हिंदी मुलखात राहणाऱ्यांना विनोदाचे आणखी एक कोठार खुले असते. ‘शिक्षा’ तिकडे शिक्षण, आपल्याकडे दंड; ‘यातायात’ तिकडे वाहतूक, आपल्याकडे दगदग. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न. म्हणूनच ‘आपले काम करण्याची चेष्टा करू’ असे आश्वासन कचेरीत मिळाले, की मराठी मनाला ते अक्षरशः खरे वाटते!

परंतु अशा विनोदाला हसू येण्यासाठी दोन्ही अर्थ ठाऊक असावे लागतात. घरातील कोटीवर वडीलधारी हसतात आणि मुले कोरी राहतात, तेव्हा भाषा कोठे विरळ झाली ते समजते. उलट, मुलाचे लिंग-वचन चुकले म्हणून आपण त्याला हसलो, तर पुढचे वाक्य ते मराठीत बोलणारच नाही. तेव्हा मुलांना हसू नये, त्यांच्याबरोबर हसावे. मंडळाच्या प्रत्येक गणेशोत्सवात मुलांचे एक प्रहसन व्हावे आणि त्यातील कोट्या त्यांनीच रचाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या फसल्या, तरी टाळ्या वाजवण्याचे काम आपले.