‘मोफत’ कार्डाचा हिशेब

(सातारा येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सकाळी सांगलीहून एस.टी.ने निघाले तेव्हा शेजारच्या बाईने विचारले, "साताऱ्याला कशाला?" म्हटले, भाषण आहे. "कशावर?" म्हटले, दुकानातल्या गिफ्ट कार्डावर. त्या हसल्या. हुंडा, मारहाण, परित्यक्तांचे प्रश्न सोडून हे काय काढलेत, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. तुमच्यापैकीही काहींना तसे वाटत असेल. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

भाचीच्या लग्नासाठी सांगलीतल्या एका मोठ्या कापड दुकानात गेले होते. दारातच पाटी होती : सहा हजारांच्या खरेदीवर एक हजाराचे गिफ्ट कार्ड मोफत. माझी यादी साडेचार हजारांची होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, आणखी दीड हजाराचं घेतलं की हजार परतच मिळतात." मला ते पटले. नको असलेली दीड हजाराची एक साडी मी उचलली आणि कार्ड पर्समध्ये टाकून ऐटीत घरी आले.

पुढे साताऱ्याला आले असताना त्याच दुकानाच्या इथल्या शाखेत गेले. बाराशेचे कापड घेतले. मनात हिशेब असा, की हजार कार्डातून जातील, दोनशे द्यायचे. बिल करणारा म्हणाला, "कार्ड चालणार नाही. दीड हजाराच्या बिलावर अडीचशेच कापले जातात. मुदत पंचेचाळीस दिवस." मागे रांग उभी होती. लाजेकाजेने तीनशेचे आणखी काही घेतले, बिल दीड हजाराचे केले, साडेबाराशे रोख मोजले आणि बाहेर पडले.

घरी येऊन पाटी-पेन्सिल घेतली. कार्डातले हजार संपवायचे तर दीड दीड हजारांची चार बिले करायची, म्हणजे आणखी सहा हजारांची खरेदी. पहिले सहा आणि हे सहा, एकूण बारा हजारांवर सूट एक हजार. पाटी वाचताना मला वाटले होते, सहा हजारांवर हजार म्हणजे शेकडा साडेसोळाच्याही वर. प्रत्यक्षात शेकडा आठ-सव्वाआठ, तेही पंचेचाळीस दिवसांत बारा हजार खर्च करण्याची ऐपत असेल तर. नसेल तर त्याहून कमी.

गोष्ट इथे संपत नाही. त्या नको असलेल्या साडीचा पहिल्याच धुण्यात रंग गेला. बिल घेऊन परत गेले. दुकानाचा हिशेब असा : साडी परत घेतली की तुमची खरेदी साडेचार हजारांवर येते, म्हणजे कार्ड रद्द, सबब दीड हजारांतून कार्डाचे एक हजार वजा, हे घ्या पाचशे. मी म्हटले, अहो, मी वापरले अडीचशे. साडेसातशे तुमच्या कार्डातच पडून आहेत. ते रद्दही करता आणि माझ्याकडून वसूलही करता? एकच रक्कम दोनदा? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. "कॉम्प्युटर तसंच दाखवतोय" एवढेच ते सांगत राहिले. लेखी अर्ज दिल्यावर साडेबाराशे मिळाले. उरलेल्या अडीचशेंचा वाद अजून चालू आहे. माल सदोष निघाला तो माझ्या चुकीने नव्हे, मग त्याचा भुर्दंड मी का सोसायचा?

आता तुम्ही म्हणाल, अडीचशे रुपयांसाठी एवढे? हा प्रश्न मी आमच्या गटात मांडला तेव्हा एक बाई बराच वेळ गप्प होती. मग बोलली. तिनेही असेच कार्ड आणले होते. नवऱ्याला अभिमानाने सांगितले होते, की हजार रुपये वाचवले. मुदत संपली, कार्ड वाया गेले. नवरा रोज विचारू लागला, "ते हजार कुठे गेले? माहेरी दिलेस का?" हिशेब देता येईना. एके दिवशी हात उचलला गेला. बायांनो, ते हजार रुपये कधी नव्हतेच! न मिळालेल्या पैशाचा हिशेब तिला मार खाऊन द्यावा लागला. हात उचलणारा नवरा गुन्हेगार आहेच, त्यात दुकानाचे निमित्त शोधायला नको. पण ज्या घरात बाईला पै-पैचा जाब द्यावा लागतो, त्या घरात फसवा हिशेब कुणाच्या अंगावर येतो, हे आपण ओळखले पाहिजे.

म्हणून हे गौडबंगाल नीट समजून घेऊ. ‘गिफ्ट कार्ड’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू आपल्या हातात येतात.

पहिले, आपण पैसे मोजून विकत घेतलेले कार्ड. ते आपलेच पैसे आहेत. दोन हजारांच्या साडीला पाचशेचे असे कार्ड दिले, तर बिल दोन हजारांचेच होते. पाचशे आधीच भरलेले, दीड हजार आता. असे कार्ड बँकेने दिलेले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याची मुदत किमान एक वर्ष आणि रक्कम जास्तीत जास्त दहा हजार. पण दुकानाने स्वतःच्याच दुकानापुरते काढलेल्या कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. तिथे अटी वाचणे आपल्यावरच येते.

दुसरे, मला मिळाले तसे जाहिरातीचे कार्ड. ते पैसे नव्हेत. पुढच्या खरेदीवर सवलत देण्याचे वचन आहे, तेही अटींसह. ही सवलत बिलातच दाखवली, तर वस्तू व सेवा कर कमी झालेल्या किमतीवर लागतो. आणि वेष्टनावरच्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात. कार्ड वापरले म्हणून त्या किमतीवर वेगळा कर कुणी मागितला तर देऊ नका.

तिसरे, मालकाने दिवाळीला हातात ठेवलेले कार्ड. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बोनसऐवजी त्याच दुकानाचे कार्ड द्यायचे, ही भेट नव्हे. वेतन चलनी पैशांतच दिले पाहिजे, हे १९३६ च्या वेतन कायद्याने सांगितले. पुढे धनादेश आणि बँक खाते त्यात आले, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, कायद्याच्या वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगाराला किमान बोनस शेकडा ८.३३ आहे. तो हक्क आहे. कार्डाने तो फिटत नाही. काउंटरवरच्या त्या मुलीवर म्हणूनच माझा राग नाही. अटी तिलाही कुणी समजावलेल्या नव्हत्या.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ सांगितल्या आहेत. जिची किंमत व्यवहारातच पूर्ण वा अंशतः वसूल केली आहे, ती वस्तू फुकट देत असल्याचा भास निर्माण करणे, ही त्यांतली एक. बिल न देणे ही दुसरी. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही आणखी एक. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे आयोग आहेत. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची. एकच तक्रार असणाऱ्या अनेकींना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा.

आणि कार्ड हातात घेण्याआधी चार प्रश्न विचारा, उत्तरे बिलाच्या मागे लिहून घ्या : किती रुपयांच्या बिलावर किती कापणार? मुदत कधीपर्यंत? कोणत्या मालाला चालणार नाही? माल परत केला तर कार्डाचे काय? उत्तर लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर आपली यादी साडेचार हजारांचीच ठेवा.

१९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. तेव्हा तेल आणि धान्य मिळत नव्हते. आज दुकाने ओसंडून वाहताहेत, आणि आपल्याला बोलावून बोलावून ‘भेट’ दिली जाते. मात्र घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या बायकांनी दाखवून दिलेले आजही तितकेच खरे आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरात पडलेली कार्डे आणि त्यांची बिले घेऊन या. एकत्र बसून हिशेब मांडू. आमच्या गटातली ती बाईही तिचे मुदत संपलेले कार्ड घेऊन येणार आहे. तिच्या नवऱ्यालाही आम्ही बोलावले आहे.