कालवांना हिरवा रंग देणारे निळे शैवाल

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पाण्यातला दगड उचलला, की बोटांना तपकिरी बुळबुळीत थर लागतो. त्यात डायटम असतात: काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवाले.

त्यांचा एक समुद्री भाऊबंद मात्र निळा आहे, हॅस्लिया ऑस्ट्रिएरिया. होडीसारख्या या पेशीच्या दोन्ही टोकांना निळा रंग साठतो आणि पाण्यात उतरतो. फ्रान्सच्या मारेन-ओलेरों किनाऱ्यावर उथळ तळ्यांत ठेवलेली कालवे हे पाणी गाळतात, आणि त्यांचे कल्ले चक्क हिरवे होतात. खवय्ये त्यासाठी जादा पैसे मोजतात! १८८६ मध्ये लँकेस्टर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने या रंगाला ‘मारेनिन’ नाव दिले.

प्रयोगशाळेत मारेनिनने व्हिब्रिओ गटातल्या काही रोगजंतूंना अटकाव केला. शिंपल्यांची पिल्ले जगवण्यासाठीही ते वापरून पाहिले गेले. मात्रा वाढली, तर पिल्लांनाच बाधते.

लातूर-नांदेडच्या शेततळ्यांत रोहू-कटला वाढतात. पाणी गोडे, तिथे हॅस्लिया जगणार नाही. पण आपले गोड्या पाण्यातले डायटम माशांच्या खाद्यसाखळीत असतातच. तेव्हा तळ्याला हलकी तपकिरी छटा आली, तर लगेच औषध ओतू नका. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या जाणकारांना आधी विचारा.