गाणं कुणाच्या नावावर?

(नृसिंहवाडीत तरुण गायक-वादकांपुढं केलेलं भाषण)



आपली पोरंपोरी हलगी, घुमकं, कैताळ घेऊन स्वतःची गाणी रेकॉर्ड करायला निघालीत. पहिला अल्बम काढणार. लई आनंद हाय. पण टाळ्या मागनं वाजवू. आधी एका पोराचं ऐका.

अरिवू. तमिळनाडूतल्या अरक्कोणमचा दलित पोरगा. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'मध्ये गायला लागला. आपली जशी हलगी, तशी तिकडं परई. मयताला वाजवायची म्हणून बाटवलेली. ती त्यांनी उजळ माथ्यानं स्टेजवर आणली. 2019 ला अरिवूचा पहिला अल्बम आला, 'तेरुक्कुरल'. म्हणजे गल्लीचा आवाज. 'तिरुक्कुरळ' ह्या थोर ग्रंथाच्या नावाला त्यानं गल्लीत आणून उभं केलं.

मग मार्च 2021 मध्ये 'एंजॉय एंजामी'. त्याची आजी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात राबली, मळे फुलवले, आणि हात हलवत माघारी आली. तिचं दुःख त्यानं गाण्यात घातलं. कोट्यवधी लोक त्यावर नाचले. आणि ऑगस्ट 2021 मध्ये एका बड्या संगीत मासिकानं ह्या गाण्याचं कौतुक करताना मुखपृष्ठावर दुसरे दोन गायक छापले. अरिवू गायब! बोंबाबोंब झाली, तेव्हा त्याचा फोटो आला. चाल कुणाची, यावर पुढं त्यांच्यात वाद झाला. शब्द मात्र त्याचे, हे सगळ्यांना मान्य. 2024 साली संगीतकारानंच जाहीर सांगितलं की, ह्या गाण्याची एक दमडी आम्हाला मिळालेली नाही.

मी गोदीत हमाली करतो. तिथं प्रत्येक खोक्यावर मालकाचा मार्का असतो. ज्याच्या पाठीवरनं खोकं गेलं, त्याचं नाव कुठंच नसतं. गाण्याच्या बाजारातही हीच रीत. कव्हरवर 'पारंपरिक' असं छापून मोकळे होतात. पारंपरिक म्हणजे काय? ज्याचं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही, तो माणूस!

आपल्या वामनदादा कर्डकांनी 1943 ला पहिलं गाणं लिहिलं. पहिलं पुस्तक 'वाटचाल' आलं 1973 ला. तीस वर्षं गाणी तोंडातोंडी फिरली. कव्हर नव्हतं, कंपनी नव्हती. पण दादा शेवटच्या ओळीत 'वामन' गुंफून ठेवायचे. चोखोबांनीही अभंगात आपलं नाव असंच ठेवलं. नाव खरवडायला जाल तर गाणंच फाटतं. ही आपल्या बापजाद्यांची अक्कल हाय.

आता कायदाबी हाय. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीनं लिहून घेतला तरी तो कागद चालत नाही. वादकालाही स्वतःचं नाव लावून मागायचा हक्क हाय. म्हणून कागद वाचल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी येत नसेल तर वाचून घ्या, त्यात लाज कसली?

आणि दुसऱ्यांना बजावताना आपल्या घरातबी बघा. हलगीवाल्या काकाचं नाव टाका. ओवी आजीची असेल तर आजीचं नाव टाका. पाचशे रुपये हातावर ठेवून त्यांना 'साथसंगत' करू नका. नाहीतर आपणच नवे मालक!

ही वाडी संगमावरची. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते आणि पुढं नाव एकट्या कृष्णेचं चालतं. नदीला तोंड नाही, ती बोलत नाही.

तुम्हाला तोंड हाय. गळा हाय. तुमचं नाव पुढं वाहू द्या.

जय भीम!