मनगटावरचा आकडा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात, खामगाव येथे दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, घड्याळावर बोलेन. त्यांना वाटले, वेळेचे महत्त्व वगैरे. तीस वर्षे शाळेत मी तेच सांगत आले, आज ते नाही. आज मी बोलणार आहे ती मनगटावर बसून हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळाविषयी. या सभागृहात मला आत्ता तसली सात-आठ मनगटे दिसत आहेत, म्हणून बोलायला धीर येतो.

२०२३ च्या दिवाळीत पुण्याच्या मुलाने मला ते आणले. हेतू मायेचाच होता. त्याचे वडील २०१६ साली हृदयविकाराने गेले. आदल्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली, त्यांनी रेडिओ बंद केला, दाराची कडी लावली, आणि सकाळी उठवायला गेले तो हात गार. तेव्हापासून मुलाच्या मनात होते की आईच्या काळजावर कोणाची तरी नजर हवी. तो नोकरीपायी दूर, म्हणून हे यंत्र.

पहिले आठ दिवस मौज वाटली. पूजेला बसले की ७२, जिना चढले की ११४. शेजारणींना बोलावून दाखवी. मग एका रात्री जाग आली आणि अंधारात ती हिरवी पाटी उजळली : ५१. साठाच्या खाली म्हणजे कमी, असे कोठेतरी वाचले होते. उठून बसले. पाहते तो ९६. दिवा लावला, देवाचे नाव घेतले, पुन्हा पाहिले : ११२. मी पाहत होते म्हणून तो आकडा चढत होता आणि चढत होता म्हणून मी पाहत होते, हे आज कळते. त्या रात्री मला फक्त २०१६ ची सकाळ दिसत होती.

रात्री दोन वाजता शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही अकोल्याची वाट धरली. बाळापूर येईपर्यंत मी मनगटावरून नजर काढली नाही. तेथे कार्डिओग्राम झाला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, रक्त तपासले. सर्व ठीक. खर्च किती झाला ते येथे सांगत नाही, पण त्यात मंडळाच्या चार सहली झाल्या असत्या. आणि भगिनींनो, ‘सर्व ठीक’ हे शब्द मला पंधरा दिवस पुरले. महिन्याने पुन्हा तीच रात्र, तीच गाडी, तेच उत्तर.

मग माझे एकेक सुटू लागले. आधी जिना, मग सकाळचे फिरणे. भाकरी थापताना आकडा शंभरावर जाई म्हणून भाकरी सुटली, सुनेला वाटले सासूबाई रुसल्या. मंडळाच्या भजनाला येईनाशी झाले, कारण टाळ वाजवताना ठोके वाढतात. आणि शेवटी वारी सुटली. आपल्याला ठाऊक आहे, गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव ही सोळा-सतरा किलोमीटरची वाट आपले सारे गाव चालते. करोनाची दोन वर्षे सोडली तर मी कधी चुकले नव्हते. २०२४ साली मी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. ओळखीच्या बाया हात करून पुढे जात होत्या. मी हात उंचावला तो घड्याळ पाहण्यासाठीच, असे एका वारकरीण आजीने ओळखले. ती थांबून म्हणाली, “मास्तरीणबाई, आकडा पाहू राह्यल्या का रस्ता?” मला रागच आला. घरी येऊन रडले.

यंत्राची खरी ओळख मला आठवीतल्या नातवाने करून दिली. सुट्टीत आला असता त्याने ते घड्याळ केळ्याला बांधले. केळ्याचे ठोके ८१! ताटातले केळे आणि मी, दोघांची प्रकृती सारखीच उत्तम. हसण्यावारी नेऊ नका, यात शास्त्र आहे. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त किंचित वाढते, तेवढा प्रकाश परत कमी येतो, आणि त्या कमीजास्तावरून यंत्र ठोक्यांचा हिशेब करते. ते ठोका ऐकत नाही, उजेडावरून अंदाज बांधते. पट्टा सैल असेल, हात हलत असेल, तर अंदाज चुकतो. केळ्यावरून परतलेल्या उजेडातही त्याने आपले काहीतरी शोधून काढले. चांगली यंत्रे याहून शहाणी असतात म्हणे, पण कामाची रीत तीच.

घड्याळाने नाडी मोजणे हे काही आजचे खूळ नव्हे. इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टराने १७०७ साली नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला होता. मात्र ते घड्याळ वैद्याच्या हाती होते, रोग्याच्या मनगटावर नव्हते. आपले वैद्यही नाडी पाहत ती सकाळी, उपाशीपोटी, माणूस स्वस्थ बसल्यावर. धावत आलेल्याची नाडी कोणी पाहत नसे.

विश्रांतीत मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. गाढ झोपेत ती पन्नासाच्या आसपास उतरणे पुष्कळांना स्वाभाविक आहे. चहा, ताप, जिना, सुनेशी वादावादी, यांपैकी कशानेही ती वाढते. आणि स्त्रियांच्या बाबतीत एक कारण आपण विसरतो. अंगात रक्त कमी असले की हृदयाला जास्त पळावे लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. विश्रांतीतही नाडी सतत जलद राहते अशा मुलीला अकोल्याला पळवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे, थायरॉईड पाहावे, हे मला आमच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

मी एकटीच वेडी असे काही दिवस वाटत होते. तसे नाही. अमेरिकेतील एका सत्तर वर्षांच्या बाईंची हकीकत डॉक्टरांनी २०२० साली प्रसिद्ध केली. त्यांना हृदयाच्या लयीचा विकार खरोखरच होता. त्यांनी एका वर्षात घड्याळावर ९१६ वेळा कार्डिओग्राम काढला. म्हणजे रोज दोनदा-तीनदा. दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या त्या वेगळ्या. विकार तेवढाच राहिला आणि भय वाढत गेले. अखेर मनावरच्या उपचारांचा त्यांना उपयोग झाला. ती हकीकत मुलाने मला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा त्या न पाहिलेल्या बाईंविषयी मला सख्ख्या बहिणीसारखे वाटले.

तेव्हा ही घड्याळे फेकून द्या, असे मी म्हणत नाही. त्याच अमेरिकेत अ‍ॅपलच्या घड्याळावर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ माणसे त्यात होती. लय अनियमित असल्याची सूचना आली ती त्यांतील २,१६१ जणांना, म्हणजे हजारी पाच. त्यांतील ज्यांनी नंतर छातीवर यंत्राची पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत एट्रियल फिब्रिलेशन हा विकार दिसला. हा विकार येतो-जातो, म्हणून बाकीच्यांची सूचना खोटीच होती असेही म्हणता येत नाही. त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो, तेव्हा ज्यांना तो वेळेवर कळला त्यांचे कल्याण झाले. पण तो शोध घड्याळापाशी संपला नाही, पट्टीपाशी आणि डॉक्टरांपाशी संपला.

आता मी जे सांगणार आहे, ते आमच्या शेजारच्या वहिनींच्या परवानगीने सांगते. त्या येथेच बसल्या आहेत. वय बावन्न. २०२४ च्या पौषात एका पहाटे त्यांना दरदरून घाम आला. मळमळ होती, पाठीत आणि जबड्यात कळ. छातीत म्हणाल तर थोडे जड. घरात तसलेच घड्याळ होते. आकडा आला ७६. यजमान म्हणाले, “पाहा, सारे ठीक आहे, पित्त असेल.” त्यांनी आल्याचा रस घेतला, डबे भरले, दुपारी बारापर्यंत कळ काढली. तो हार्ट अ‍ॅटॅक होता. दैव बलवत्तर, अँजिओप्लास्टी झाली, वाचल्या. परंतु हृदयाचा काही भाग गेला तो गेलाच. आजही त्या पाण्याची कळशी उचलत नाहीत.

हे ऐकले आणि मी हादरले. मला काही नसताना यंत्राने दोनदा अकोल्याला नेले आणि त्यांना नेण्याची वेळ होती तेव्हा घरी बसवले. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाला रक्त नेणारी नळी बंद होते. ठोक्यांची संख्या त्या वेळी अगदी ठीकही असू शकते. ही घड्याळे हार्ट अ‍ॅटॅक ओळखत नाहीत, बनवणारेही तसे सांगतात, पण ते कागद कोण वाचतो?

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड या बाजूच्या लोकांचे केस एकाएकी मूठमूठ गळू लागले. घबराट झाली. पण तेथे आधी तक्रार होती, डोळ्यांना दिसणारी. मग डॉक्टर आले, पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. आधी माणसाला विचारले, मग मोजले. आमच्या घरी उलटे झाले. आधी आकडा पाहिला आणि वहिनींना काय होते आहे, हे कोणी विचारलेच नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला तीन महिने एक व्रत दिले. घड्याळाच्या सूचना बंद. आकडा पाहायचा तो सकाळी एकदाच, बसून, चहापूर्वी. रात्री घड्याळ स्वयंपाकघरात. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चोरून उठले, हे कबूल करते. एका रात्री १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांकही लावला आणि मराठीतून चांगले बोलले. त्यात लाज कसली? मात्र घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ, धाप, छातीत जडपणा असे झाले, तर आकडा न पाहता १०८ ला फोन करायचा, हे आमच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे. नातवाचेच अक्षर.

२०२५ साली मी शेगावला चालत गेले. वहिनी गाडीने पुढे गेल्या होत्या, त्यांनी चहाचा थर्मास धरून ठेवला होता. वाटेत माझे ठोके किती झाले, मला ठाऊक नाही. घड्याळ घरी केळ्यांच्या टोपलीत होते.

आता कामाचे. पुढील महिन्यापासून दर पहिल्या शनिवारी येथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी, असा कार्यकारिणीचा विचार आहे. डॉक्टरीणबाई यायला तयार आहेत. दोन खुर्च्या, एक टेबल आणि नोंदी ठेवायला सुवाच्य अक्षराच्या दोघी हव्या आहेत. नावे आजच चिटणीसबाईंकडे द्यावी. वहिनींनी आपले नाव आधीच दिले आहे.