खाणीच्या पोटातील प्रयोगशाळा



विश्वाचा अभ्यास करणारा मनुष्य वर आकाशाकडे पाहतो, अशी आपली समजूत. पण कृष्णद्रव्याचा माग काढणारे शास्त्रज्ञ खाणीत उतरतात. दिसणाऱ्या द्रव्याच्या सुमारे पाचपट हे न दिसणारे द्रव्य असावे, असा हिशेब निघतो. अणूशी त्याची टक्कर झालीच तर क्वचित व्हायची. आकाशातून अखंड बरसणाऱ्या कणांच्या गलबल्यात ती कळावी कशी? म्हणून डोक्यावर मैलभर खडक हवा.

अमेरिकेतील होमस्टेकची सोन्याची खाण २००२ साली बंद पडली. पंप थांबले, पाणी चढले. पुढे ते उपसून सुमारे १,४८० मीटर खोल प्रयोगशाळा उभी केली. दहा टन झेनॉन द्रवरूपात भरून पहारा बसवला. २०२२ साली पहिला निकाल आला: काही सापडले नाही. मात्र कोठे शोधू नये हे कळले, आणि मी ती कमाईच समजतो.

आपल्याकडे कोलार होते. तेथे १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. ज्या मजुरांनी ती खोली खोदली, त्यांच्या छातीत गारगोटीची धूळ बसली. २००१ साली खाण बंद झाली. सोन्यातल्या तोट्याचा हिशेब झाला. त्या खोलीचाही व्हायला हवा होता. तेथेही पाणीच भरले. जादुगुडाच्या युरेनियम खाणीत २०१७ साली कृष्णद्रव्यासाठी प्रयोगशाळा निघाली, ती ५५५ मीटरवर.